निकामी रकान्यातली सायकल

कुणाची सायकल समोरून आली की बाई हात आडवा करून ती थांबवायच्या. नमस्कार-चमत्कार नंतर. आधी सीटखाली हात घालून मागचं चाक उचलायच्या, दुसऱ्या हातानं पायडल फिरवायच्या आणि मान तिरकी करून उभ्या राहायच्या. सायकलवाला बिचारा उन्हात ताटकळायचा. मग त्याच्याकडं न बघताच म्हणायच्या, "ऐका, काय म्हनून राहिली ती."

त्याला काहीच ऐकू यायचं नाही. मलाही पहिली दोन वर्षं आलं नाही. बाईंना मात्र सगळं ऐकू यायचं. चेन कोरडी आहे, मागचा आस ढिला आहे, मडगार्डचा नट गेलाय आणि मालकाला यातलं काहीच ठाऊक नाही, असा पूर्ण निकाल त्या उभ्या उभ्या द्यायच्या. पेशंटची नाडी धरतानासुद्धा त्यांचा चेहरा इतका गंभीर होत नसे, हे मी दोन्ही पाहिलेला माणूस म्हणून सांगतो.

बाई आमच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. गाव चाकूरकडचं, नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत चूक माझी आहे आणि गावाला उगाच कशाला गोवायचं? मी तिथं कारकून. औषधं, खाटा, वजनकाटे, बादल्या या सगळ्यांची नोंदवही माझ्या ताब्यात. बाई चाळिशीच्या, मी पंचविशीचा. गाव त्यांना 'शिस्टर' म्हणायचं, मी 'बाई' म्हणायचो आणि त्या मला 'भाऊ' म्हणायच्या. किराणा दुकानदार आप्पांच्या घरी आम्ही दोघंही भाडेकरू. अंगण एक, त्याच्या या टोकाला त्यांची खोली, त्या टोकाला माझी.

त्यांच्याकडं सात गावं होती. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या आणि विहिरीत टाकायची पांढरी पावडर, सगळं त्यांनीच न्यायचं. एस.टी. सातांपैकी एकाच गावाला जायची, तीही मनात आलं तर. म्हणून सरकारनं त्यांना सायकल दिली होती, आणि ती दिली पुरुषांची, मधे आडवी नळी असलेली. वर कळवलं तेव्हा उत्तर आलं की खरेदी झालेली आहे. बाईंनी पुन्हा कळवलं नाही. पांढऱ्या साडीचा काष्टा मारायच्या, टांग टाकायच्या आणि निघायच्या. पुढच्या गावाच्या शिवेवर उतरून काष्टा सोडायच्या, पदर सारखा करायच्या आणि सायकल हातात धरून गावात शिरायच्या. सात गावांनी त्यांना सायकलवर बसलेलं कधी पाहिलं नाही असं त्या म्हणायच्या. सातही गावांनी पाहिलं होतं, पण कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं.

सायकल दुरुस्त करायला त्या कशा शिकल्या, हे मी एकदा विचारलं.

"पहिल्या सालीच पंक्चर झाली, भाऊ. तालुक्याच्या दुकानात नेली. त्यो मानूस आधी हसला, मग म्हनला, बसा. सकाळी बसले ती दिवस कलला तरी बसलेलीच. मागून आलेल्या गड्यांच्या सायकली झाल्या, माझी तशीच."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या रविवारी त्याच्या समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. सायकल न नेता. दिसभर बगितलं त्यो काय करतो ते. तिसऱ्या रविवारी बी गेले. चवथ्या रविवारी पान्हे घेतले अन् घरी आले. त्याच्या दुकानात पुन्हा पाय न्हाई ठेवला."

हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. आज वरण केलंय म्हणावं तसं सांगितलं.

तेव्हापासून रविवार सकाळ सायकलीची. आप्पांच्या अंगणात त्या पोतं अंथरायच्या आणि त्यावर सायकल हँडल-सीटवर उलटी करून ठेवायच्या. आधी कोरड्या फडक्यानं सगळी धूळ. मग चेन, रॉकेलचा बोळा आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन, एकेक कडी. ती वाळेपर्यंत ब्रेकची रबरं काढून कानशीनं हलकेच घासायच्या, म्हणजे वरचा चकाकणारा थर जातो आणि रबर पुन्हा रिमला धरतं. मग नखानं चाकाच्या तारा एकेक छेडायच्या. सगळ्यांचा आवाज सारखा आला पाहिजे. जी भसाडी वाजेल ती ढिली. शेवटी चेनला तेल, तेही प्रत्येक कडीला एकच थेंब, आतल्या बाजूनं, आणि वरून लगेच फडकं. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ तेलावर अशी बसते की दोन दिवसांत चेनीचं खडबडीत चिकट दोरखंड होतं.

माझ्याकडंही एक सायकल होती. नोकरी लागली म्हणून वडिलांनी नांदेडहून घेऊन दिलेली. घंटी सोडून तिचं सगळं वाजायचं. बाईंनी वर्षभर सहन केलं. एका रविवारी मात्र मी तिला तेल देतोय हे पाहून त्या पोत्यावरून उठून आल्या, वाकल्या आणि त्यांनी वास घेतला.

"काय घातलं हे?"

"तेल."

"कंचं?"

मी बाटली पुढं केली. खोबरेल होतं, चांगलं वासाचं, डोक्याला लावायचं.

"डोकं दुखून राहिलं व्हय तिचं?" बाई म्हणाल्या. आप्पा दुकानातून ऐकत होते. त्यांनी ते गिऱ्हाइकाला सांगितलं, गिऱ्हाइकानं गावाला. पुढं महिनाभर मी सायकलवरून निघालो की कुणी ना कुणी विचारायचं, "आज वेणी न्हाई घातली का?"

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. बाई चांगल्या मास्तरीण नव्हत्या. समजावून सांगणं त्यांना जमत नसे. त्या नुसत्या माझ्या हाताकडं बघत राहायच्या आणि मी चुकलो की जिभेनं 'च्' करायच्या. मी घाई केली की ठरलेलं वाक्य यायचं, "पान्हा कुठं पळून चाल्लाय का?"

पुढचं चाक उघडायला त्यांनी एकदा माझ्या एकट्यावर सोपवलं. आसाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा छर्रे असतात, मुगाएवढे चकचकीत. मी ते दाबून धरणारा शंकू सैल केला, चाक तिरकं धरलं आणि वीसच्या वीस छर्रे अंगणभर. शेजारच्यांच्या कोंबड्या दाणे टाकले असं समजून धावल्या. मी आणि आप्पा त्यांना हाकलतोय, आणि बाई पोत्यावर बसून हसतायत. त्यांना मी इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मोजले तर एकोणीस भरले.

"एक कोंबडीच्या पोटात गेला," मी म्हणालो.

"सकाळच्याला गावंल," बाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी सुटे भाग ठेवायच्या पावडरच्या रिकाम्या डब्यातून एक जास्तीचा छर्रा काढून दिला आणि आधीच सांगायला हवं होतं ते तेव्हा सांगितलं. चाक उघडताना खाली फडकं पसरायचं, आणि बसवताना चाकाच्या वाटीत आधी ग्रीस भरायचं, मग छर्रे ग्रीसलाच चिकटून राहतात. तुमच्यापैकी कुणी आयुष्यात एकदाच चाक उघडणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

हे सगळे सुखाचे दिवस. मग पाऊस गेला. एक साल कमी पडला, दुसऱ्या साली जवळजवळ आलाच नाही. नेमक्या त्याच सुमाराला लातूर जिल्हा वेगळा झाला. आप्पांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवला. लोक गूळ खायचे, "चांगलं झालं, आपला जिल्हा झाला," म्हणायचे आणि वर पांढऱ्या आभाळाकडं बघायचे. त्या गुळावर प्यायला पाणी मागायचा मात्र कुणालाच धीर होत नव्हता, कारण आप्पांचा रांजण अर्धा असायचा.

दुष्काळानं बाईंच्या रविवारातही फरक पडला. पंक्चर शोधायला घमेलंभर पाणी लागतं. ट्यूब त्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. बाईंनी ते बंद केलं. फुगवलेली ट्यूब ओठांजवळ धरून इंच-इंच पुढं सरकवायच्या. भोक असेल तिथं हवेची बारीक फुंकर ओठाला लागते. मी करून पाहिलं, मला सगळीकडंच वारा लागायचा. "अर्ध्या बादलीत एका बाळंतिणीचं भागतं," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि खरी अडचण विहिरींची होती. पाणी तळाला गेलं की गढूळ होतं, गावाची सगळी माणसं आणि जनावरं त्याच एका डबक्यावर येतात, आणि मग हगवण-उलट्या सुरू होतात. त्यावर ती पांढरी पावडर हा उपाय. पण ती पाण्याच्या मापानं टाकावी लागते. कमी पडली तर उपयोग नाही. जास्त पडली तर पाण्याला वास मारतो, बायका घागरी ओतून देतात आणि ओढ्यात झिरा उकरून ते पाणी पितात, ते त्याहून वाईट. पाणी तर आठवड्याला हातभर खाली जात होतं. म्हणजे दर आठवड्याला सातही गावांना जायचं, दोरीला दगड बांधून खोली मोजायची, हिशेब करायचा आणि आपल्या हातानं पावडर कालवून टाकायची. कोतवालाच्या हाती पुडी पाठवून भागण्यासारखं हे काम नव्हतं. बाई सोमवारी निघायच्या आणि शनिवारपर्यंत सात विहिरी पुऱ्या करायच्या. पायी ते होणारच नव्हतं. सात गावांचं पाणी त्या एका सायकलीवर चाललं होतं.

आणि ती सायकल मी घालवली.

झालं असं. जिल्हा वाटला गेला तेव्हा प्रत्येक केंद्राकडून सामानाची यादी मागवली. तीन रकाने: चालू, दुरुस्तीयोग्य, निकामी. निकामी माल नव्या जिल्ह्याच्या भांडारात जमा करायचा. मी नोंदवही उघडली. बाईंच्या सायकलीचं कागदावरचं आयुष्य केव्हाच संपलेलं होतं. नोकरीत एक गोष्ट मी पक्की शिकलो होतो: जुनी वस्तू निकामी ठरल्याशिवाय नवी मंजूर होत नाही. मला वाटलं, चांगली संधी आहे. ही जुनी निकामीत घालू, बाईंना नवी कोरी सायकल येईल, शिवाय या खेपेला बायकांची मागू. आणि बाईंना आधी सांगायचंच नाही, एकदम समोर उभी करायची! स्वतःवर खूश होऊन मी तो रकाना भरला, खाली मागणीपत्र जोडलं आणि डॉक्टरांची सही घेतली. डॉक्टर सही करताना वाचत नसत, हेही मला ठाऊक होतं.

मागणीचं उत्तर आलं. जुना जिल्हा म्हणाला, तुम्ही आता आमच्याकडं नाही. नवा म्हणाला, सायकलींची तरतूद अजून झालेली नाही. ती दोन्ही पत्रं हातात घेऊन मी बसलो होतो तेवढ्यात दाराशी जीप थांबली.

जीपमधून भांडारपाल उतरला. भला माणूस होता. मोडका वजनकाटा, गंजलेली खाट, भोकं पडलेल्या बादल्या असं सगळं त्यानं जीपच्या मागं जोडलेल्या गाड्यात चढवलं. मग यादीवर बोट ठेवून म्हणाला, "आता सायकल एक."

बाई नुकत्याच एका गावाहून परतल्या होत्या. सायकल भिंतीला टेकवलेली. तिच्या रिमवर ऊन चमकत होतं. भांडारपालानं चाक फिरवलं, ब्रेक दाबला आणि हसला. "शिस्टर, ही निकामी? मग माझी जीप काय म्हनायची?"

"कागद काय म्हनतो?" बाईंनी विचारलं.

त्यानं यादी त्यांच्यापुढं धरली. बाईंनी ती सावकाश वाचली. मी औषधांच्या कपाटामागं उभा होतो. बाहेर येऊन 'ही माझी चूक' एवढं म्हणायला मला पाच पावलं टाकायची होती. ती मी टाकली नाहीत.

"कागदावर आलंय म्हनजे मला न्यावीच लागंल," भांडारपाल ओशाळून म्हणाला. "सह्या झाल्यात."

"न्या की. पर निकामी लिवलंय तर निकामीच न्यायला पायजे. ही लई चांगली हाय. तासभर थांबा साहेब, कागदासारखी करून देते."

त्या आप्पांच्या घरी गेल्या आणि खाटेखालचं पोतं ओढत घेऊन आल्या. पोतं ओतलं. झिजलेली चेन, वाकलेल्या दोन रिमा, दात बोथट झालेलं फ्रीव्हील, गुळगुळीत पायडलं, चिरलेलं सीट. दहा वर्षांत सायकलीचा जो जो भाग गेला, तो त्यांनी पदरचे पैसे घालून बदलला होता आणि काढलेला जुना भाग जपून ठेवला होता. सरकारी वस्तू फेकायची नाही, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी पोतं अंथरलं, सायकल उलटी केली आणि पान्हे घेतले.

अर्धं गाव जमलं. बाई एकेक चांगला भाग काढून डाव्या हाताला ठेवत होत्या आणि त्या जागी पोत्यातला जुना बसवत होत्या. घाई नाही, चिडचिड नाही. भांडारपाल दगडावर बसून चहा पीत बघत राहिला. जुन्या चेनीलासुद्धा बाईंनी पुसून थेंब-थेंब तेल दिलं. तासाभरात तिथं खरोखरच एक निकामी सायकल उभी राहिली. चाकं लचकत होती, चेन सारखी उतरत होती. मघाच्या सायकलीतली उरली ती फक्त फ्रेम आणि तिच्यावरचा सरकारी क्रमांक.

"घ्या साहेब. आता बराबर हाय."

भांडारपालानं सही घेतली आणि जाताना, कुणी सांगितलं नसताना, बाईंना हात जोडले.

संध्याकाळी अंगणात बाई त्या सुट्या भागांपुढं बसल्या होत्या. चांगल्या सायकलीचं सगळं होतं, फ्रेम तेवढी नव्हती. सोमवार दोन दिवसांवर आलेला. मी माझी सायकल ढकलत नेली आणि त्यांच्यासमोर उभी केली.

"ही घ्या, बाई. हिची फ्रेम ठणठणीत हाय. बाकीचं तुमचं लावा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, त्या नको म्हणणार.

"घेते. पर एक अट हाय. जोडायची तुम्ही. अन् दर रविवारी बगायची बी तुम्हीच. म्या हात लावनार न्हाई."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून गावानं मला देवमाणूस ठरवलं. स्वतःची सायकल शिस्टरला दिली! आप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. मी मान खाली घालायचो, त्यालाही लोक नम्रपणा म्हणायचे. खरं सांगण्याची रोज एक तरी संधी यायची आणि मी ती रोज घालवायचो. मला लाज वाटत होती. ती आजही वाटते.

रविवारी मी पोत्यावर बसायचो आणि बाई ओट्यावर, हात मांडीवर ठेवून. बोलायच्या कमी. आपण बसत असलेल्या सायकलीची गोष्ट वेगळी असते. थोडं चुकलं तर आपणच पडतो. इथं चुकलं तर दुसरंच कुणीतरी उन्हात अडकणार होतं. तरी एका रविवारी मी घोळ घातलाच. मित्राच्या लग्नाला जायचं होतं, बस चुकेल म्हणून मी चेन पुसली, हवा भरली आणि पळालो. कॉटर पिन पाहायची राहिली. पायडलचा दांडा आसाला घट्ट धरून ठेवणारी ती बोटभर खुंटी. तिचा नट सैल झाला होता.

मंगळवारी सर्वांत लांबच्या गावाच्या वाटेवर ती गळून पडली. पायडल नुसतं गरगर फिरायला लागलं. बाई सायकल ढकलत तिथं पोचल्या तेव्हा दिवस मावळायला आला होता. पावडर पडल्याशिवाय विहिरीचं पाणी भरायचं नाही असं ठरलेलं. बायका दुपारभर वाट बघून शेवटी ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी घेऊन गेल्या होत्या. त्या आठवड्यात त्या गावची दोन माणसं आमच्या केंद्रात सलाइन लावून पडली, एक म्हातारी आणि तिची सून. दोघी वाचल्या. पण तीन दिवस मी त्या खाटांवरून जाता-येता त्यांच्या बाटलीतला थेंब मोजत होतो.

पुढच्या रविवारी ओट्यावर बसायच्या आधी बाईंनी नवी कॉटर पिन आणि हातोडी माझ्यापुढं ठेवली, एवढंच. मी ती पिन ठोकून बसवली, नट आवळला, दहा फेऱ्या मारून आलो, पुन्हा आवळला. त्यानंतर पाऊस येईपर्यंत ती सायकल वाटेत एकदाही थांबली नाही. सात गावांतून हगवणीचा आणखी पेशंट आला नाही. आणि याच काळात कधीतरी मला ऐकू यायला लागलं. कोरडी कडी, सैल तार, घासणारा मडगार्ड, सगळं वेगवेगळं. मी सांगायचो, आणि ओट्यावरून होकार यायचा, "हाव."

पाऊस आला, विहिरी भरल्या, आणि बाईंच्या बदलीचा हुकूमही आला. भोकरला. त्यांचं गाव त्याच तालुक्यातलं, म्हातारे वडील तिथं एकटे होते. अर्ज कितीतरी वर्षांचा. जिल्हा वाटपाच्या उलथापालथीत तो कुणाच्या तरी हाताला लागला आणि मंजूर झाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सायकल बरोबर न्यायला त्या तयार नव्हत्या. फ्रेम तुमची, म्हणाल्या. मी ऐकलं नाही. स्टँडवर मी स्वतः एस.टी.च्या मागच्या शिडीनं टपावर चढलो आणि सायकल दुरुस्तीला ठेवतात तशी उलटी उभी करून कठड्याला चार ठिकाणी दोरीनं बांधली. मग दोन्ही चाकांची हवा अर्धी सोडून दिली. फुस्स आवाज ऐकून बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हवा कामून सोडली?"

"टपावर ऊन लई तापतं, बाई. गच्च भरलेली ट्यूब फुटंल."

"हे म्या कवा शिकवलं?"

"न्हाई शिकवलं."

त्यांनी डोकं आत घेतलं. मी खाली उतरलो, खिडकीशी गेलो आणि आता नाही तर कधीच नाही असं वाटून एका दमात बोलून टाकलं, "बाई, यादीत तुमची सायकल म्या घातली व्हती. नवी मिळंल म्हनून."

"ठावं हाय."

"कवापासून?"

"त्या साहेबानं कागद म्होरं धरला तवापासून. तुमचं अक्षर मला वळखू येत न्हाई व्हय?"

कंडक्टर शेवटची तिकिटं फाडत पुढं सरकत होता.

"मग बोलला का न्हाईत? मी तर सालभर देवमानूस म्हनून मिरवून राहिलो."

"बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती, भाऊ. म्या बी जाऊ द्या म्हनले असते, अन् तुम्ही मोकळे झाले असते. पर सोमवार तसाच आला असता न्हवं? मला सायकल पायजे व्हती. अन् ती नीट बगनारा मानूस." त्यांनी खिडकीच्या गजांमधून हात काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. तो हात खरखरीत होता. "दोन्ही बी चांगले गावले."

घंटी वाजली, बस हलली. मी चार पावलं बसबरोबर चाललो, मग थांबलो. मला रडू येत होतं आणि स्टँडवरची माणसं बघत होती. बघू देत म्हटलं.

बसनं वेग घेतला तसं टपावर उलट्या सायकलीचं पुढचं चाक वाऱ्यानं फिरायला लागलं. आधी हळू, मग भरभर. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याच्याकडं बघत होतो. कुठं लचकतंय का ते शोधत होतो. वळण येईपर्यंत ते सरळ फिरत होतं.